चाळीस गळ्यांत माझा कुठला?

‘ताई, चाळीसजण एकदम गाऊन राहिले, त्यात तुमचा आवाज ओळखायचा कसा?’ डिसेंबरात नागपुरातल्या सदर भागातल्या चर्चमध्ये आमच्या गायनवृंदाने पाश्चात्त्य संगीतकार हँडेलचा ‘मसाया’ (येशू ख्रिस्तावरची मोठी गायनरचना) गायला, तेव्हापासून भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: ओळखू येत नाही. आला, तर मला संचालकांची बोलणी खावी लागतात.

मी ख्याल शिकलेली. आपल्याकडे सा गाणाऱ्याचा, तंबोरा त्याच्या गळ्याप्रमाणे लागतो. इथे पट्टी कागदावर छापलेली. मींड तर सक्त मना. स्वरावर जरा घसरत गेलं की तालीम थांबते. त्यात मी अल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. चाल बहुतेक वेळा सोप्रानोंकडे, म्हणजे वरच्या आवाजाच्या बायकांकडे, आमचा मात्र एकाच स्वरावर ठिय्या. सुरुवातीला वाटायचं, हे गाणं आहे की हजेरी?

मजा आहे ती श्वासात. लांब स्वर धरायचा असला की शेजारीण श्वास घेत असताना मी घ्यायचा नाही. ती परत सुरात आली की मी घ्यायचा, शब्दाच्या मधेच, चोरून, आणि हळूच पुन्हा आत शिरायचं. प्रत्येकीचा दम संपतो, पण ऐकणाऱ्याला सूर कुठेच तुटलेला कळत नाही. एकट्या गवयाचा दमसास कितीही दांडगा असो, त्याला हे शक्य नाही.

‘हालेलुया’ या ‘मसाया’तल्या गाजलेल्या समूहगीतात याची खरी परीक्षा. सोप्रानो ‘किंग ऑफ किंग्ज’ एकेक स्वर वर चढवत नेतात, आम्ही बाकीचे खालून ‘फॉर एव्हर अँड एव्हर’ ठासून म्हणत राहतो. शेवटाकडे सगळं एकदम थांबतं. मग शेवटचं हालेलुया, संथ. त्या मधल्या जागेत कुणी घाई केली, तर त्याचा आवाज मात्र अख्ख्या नागपूरला ओळखू येईल! (कुणी केली नाही. टाळ्या थांबेनात, म्हणून तेच पुन्हा गायलो.)

याला उभं राहायची पद्धत आहे. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज उठला म्हणून सगळे उठले, असं सांगतात. त्या काळचा पुरावा मात्र मिळत नाही. आमच्याकडे पुढच्या दोन रांगा उठल्या आणि मागचे एक काका राष्ट्रगीत समजून सावधानमध्ये.

गर्दी भरपूर झाली, खुर्च्यांवर मफलर-स्वेटरांचे ढीग. १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा जागा पुरावी म्हणून बायकांनी झग्यांचे फुगीर घेर आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी विनंतीच केली होती. उत्पन्न गेलं कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना सोडवायला आणि दोन रुग्णालयांना.

आता माझी एक विनंती. आम्हाला टेनर, म्हणजे पुरुषांमधले वरच्या आवाजाचे गायक, कमी पडतात; हौशी वृंदात ते नेहमीच कमी पडतात. ओळखीत कुणी असेल तर पाठवा. नोटेशन वाचता आलं नाही तरी चालेल, आम्हाला तरी कुठे येत होतं. ख्याल गाणारा असेल, तर मींड घरी ठेवून यायला सांगा.