पत्ता सांगत नाही, सॉरी

नवऱ्याच्या त्रासातून निघून आलेल्या बायकांसाठीच्या शेल्टरच्या हेल्पलाइनवर बसायचे तेव्हा लोक सगळ्यात आधी पत्ता विचारायचे, आणि तो आम्ही सांगायचोच नाही, कारण बाई घर सोडते ना, त्यानंतरचेच दिवस जास्त धोक्याचे असतात, नवरा शोधत फिरतो. म्हणून आल्या आल्या फोनचं लोकेशन बंद. एक जण आली तर हातात फक्त पोराचं दप्तर, वह्यांमधे लपवलेले जन्मदाखले नि पासबुक, महिनाभर एकेक करून जमवलेलं! 'आधीच का नाही निघाली' म्हणणाऱ्यांचा मला जाम राग येतो. १९७१ मधे लंडनच्या चिझिकमधे एरिन पिझींनी असं घर उघडलं तेही लगेच भरून वाहायला लागलेलं. असो. त्या रात्री त्या दप्तरवाल्या बाईने दाराची कडी तीनदा चेक केली, मग झोपली.