तुम्ही विचारलंत म्हणून : हलव्याला पूर्वीसारखा काटा का येत नाही?

डिसेंबर संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या सुनेची पहिली संक्रांत असते, कुणाच्या नातवाचं बोरन्हाण. सुरुवात ठरलेली, "ताई, हलव्याच्या ऑर्डरी घेता का हो?" मी नाही म्हणते. मग जरा रुसलेल्या आवाजात पुढचा प्रश्न येतो, "बाजारच्या हलव्याला पूर्वीसारखा काटाच नसतो. असं का?" याचं उत्तर कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता फोनवर देता येत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते. हलवा म्हणजे संक्रांतीला तिळावर साखरेचा पाक चढवून करतात ते दाणे, आणि काटा म्हणजे त्या दाण्यांवर फुटणारी साखरेची टोकं.

हलवा करायची आमची आत्या. गिरगावातली चाळ, तिसरा मजला, दीड खोली आणि समोर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. पौष लागला की आत्या पहाटे चारला उठून गॅलरीच्या कोपऱ्यात शेगडी पेटवायची. चारलाच का, तर थंडी. मुंबईची हवा ओली, त्यात चौपाटी हाकेच्या अंतरावर. ओल्या हवेत पाक दाण्यावर सुकत नाही, नुसता चिकटून बसतो. पहाटे जी काय तासा-दोन तासांची गार हवा मिळेल तेवढीच आपली. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण ती थंडी मला तोंडपाठ आहे, कारण "त्या साली काटा आला, तसा पुन्हा आला नाही" हे आत्या दर वर्षी सांगायची. संक्रांत तेव्हा उलटून गेली होती. तरी रथसप्तमीच्या हळदीकुंकवाचं निमित्त करून तिने आणखी एक घाणा घातला होता म्हणे.

करायची रीत अशी. किलोभर साखर, ती बुडेल एवढं पाणी, उकळी आली की दोन चमचे दूध. दुधाबरोबर मळी वर येते, ती काढून टाकायची, पाक फडक्याने गाळायचा. पाक एकतारी हवा. शेगडीतले निखारे राखेने झाकायचे आणि त्यावर कल्हईची परात. परातीत वाटीभर तीळ किंवा खसखस. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या पेरांनी दाणे फिरवायचे, ते सुटे होईपर्यंत. सुकले की पुढचा चमचा. बास, एवढंच. पण हे "एवढंच" चार दिवस चालतं, रोज तीनेक तास. पहिल्या दिवशी तिळावर नुसती पांढरी पूड बसल्यासारखं दिसतं. दुसऱ्या दिवशी दाणा अंग धरतो. काटा फुटतो तिसऱ्या दिवशी, तोही नशीब असेल तर. एकदा टोक आलं की पुढचा पाक त्या टोकालाच बसत जातो. आच वाढली की साखर पिवळी पडते, पाक जास्त झाला की दाणे एकमेकांना धरून बसतात आणि हात जोरात फिरला की आलेला काटा मोडतो. शेवटच्या दोन दिवसांत आत्या कुणाशी बोलत नसे. आम्ही पोरं गॅलरीतून धावलो तर परातीवरची नजर न हलवता, "पाय!" एवढंच म्हणायची. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची पेरं गुळगुळीत झाली होती. रेशनकार्डावर अंगठा नाही, सही करते, हे ती अभिमानाने सांगायची, पण मला वाटतं त्या बोटांचे ठसे उठलेही नसते.

आता खरं सांगू का? आम्हा पोरांना तो हलवा फारसा आवडत नव्हता. जीभ खरचटायची. साखर विरघळली की शेवटी उरायचा एक तीळ, त्यासाठी एवढी मेहनत! रावळगावची गोळी आणि हलवा समोर ठेवला असता तर आम्ही डोळे मिटून गोळीच उचलली असती. आज जे लोक आठवणीने व्याकूळ होतात, त्यांनीही तेच केलं असतं. आम्हाला आवडायचे ते दागिने. पुठ्ठ्यावर सोनेरी कागद, त्यावर दोऱ्याने ओवलेला हलवा. नव्या नवरीला मुकुट, नथ, बाजूबंद, कंबरपट्टा आणि खाली काळी चंद्रकळा. बाळाला मुकुट आणि बासरी. आत्या मंगळसूत्र करायची तेव्हा सगळ्यात काटेरी दाणे त्यासाठी वेगळे काढायची. तुटलेले, बोडके दाणे आमचे.

यंत्राचा हलवाही काही कालपरवाचा नाही. तिरकं, गरगर फिरणारं मोठं भांडं असतं, औषधाच्या गोळ्यांवर साखरेचा मुलामा चढवतात तसलंच. त्यात एका दिवसात मणाने माल निघतो. पण भांडं फिरत असताना दाण्यावर दाणा आपटत राहतो, मग काटा बारीक येतो किंवा गोटीसारखा गोल गुळगुळीत दाणा हाती येतो. यंत्राचा दोष नाही. त्याला "पाय!" म्हणून ओरडता येत नाही, इतकंच.

आत्या एका दुकानाला माल द्यायची, नाव घेत नाही. एके वर्षी मी स्वतः त्या दुकानात गेले, तर बरणीत वर चार बोटं आत्याचा हलवा आणि खाली सगळा यंत्राचा. वर "घरगुती काटेरी" अशी चिठ्ठी. भाव अर्थात वरच्याचा. आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "वर तरी ठेवलाय ना?" मी तेव्हा चिडले होते. अजूनही चिडते.

आता माझ्या नकाराचा हिशेब. मागे एका बाईंनी किलोला सहाशे रुपये देऊ केले, वर "हाताचा आहे म्हणून हं" अशी मखलाशी. साखर, तीळ आणि गॅस धरून शंभर गेले. उरले पाचशे, बारा तासांचे. शिवाय सोसायटीत शेगडी पेटवता येत नाही, गॅसवर तवा ठेवून त्यावर परात ठेवावी लागते, आणि पहाटे चारला उठूनही थंडी येईलच असं नाही.

भाचा जपानला असतो. दोन वर्षांपूर्वी क्योतोहून मूठभर रंगीत खडे घेऊन आला. "मावशी, हा बघ तुझा हलवा." कोंपेइतो म्हणतात त्याला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिकडे नेलेली मिठाई. तापल्या, फिरत्या भांड्यात दाण्यावर थोडा थोडा पाक सोडत दोन-दोन आठवडे वाढवतात, आणि काटे अगदी आपल्यासारखेच. त्या मुठीचे चारशेच्या आसपास पडले म्हणाला, आणि ते त्याने हूं की चूं न करता दिले. इथे हाच भाचा भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो.

आणि किंमत न मिळण्याचं हे दुखणं फक्त हाताच्या कामाचं नाही. मघाशी रावळगावचं नाव घेतलं. वालचंद हिराचंदांचा मालेगावजवळचा साखर कारखाना, १९४२ पासून गोळ्या करत होता. पान पसंद, मँगो मूड ही सगळी नावं २०२४ मध्ये २७ कोटींना रिलायन्सकडे गेली. मुंबईत एवढ्या पैशांत बऱ्या वस्तीतले चार-पाच मोठे फ्लॅट येतात. कच्चा माल, वीज, मजुरी सगळं चढत गेलं आणि गोळी रुपयाला अडकून राहिली, ती दीड रुपयाला विकायची कशी? चार आण्याचं नाणं ३० जून २०११ ला अधिकृतपणे गेलं. गोळीच्या दुनियेतली चिल्लर अशी संपत गेली. वाण्याकडे "सुट्टे नाहीत, गोळी घ्या" हा एक खप उरला होता, तोही फोनवरून पैसे द्यायला लागल्यावर आटला.

तेव्हा ऑर्डरी मी घेत नाही. घरापुरता करते, पाव किलो, तोही धड काटा आला तर हळदीकुंकवाला बाहेर काढते, नाहीतर डब्यात. पण शिकायचा असेल तर पौषात या. पहाटे साडेचारला दार उघडं असतं, बेल वाजवू नका, शेजारी झोपलेले असतात. अर्धा किलो साखर आणा. नखं कापून या, अंगठ्या काढून या, आणि चार दिवस कुठे जायचं ठरवू नका.