जॉब संपला, प्रोसेस उरल्या

त्या सकाळी आमच्या क्लस्टरच्या (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांच्या) एका संशोधक वापरकर्त्याने कळवले की, एरवी दोन तासांत उरकणारे त्यांचे गणित पाच तास झाले तरी रेंगाळत आहे. संगणकांवर कामे (जॉब) वाटून देणाऱ्या स्लर्म या शेड्यूलरच्या लेखी त्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या त्या संगणकावर, त्यांचा एकच जॉब होता आणि मागितलेले 32 कोर त्याला मिळालेले होते. प्रत्यक्ष नोडवर जाऊन पाहिले, तर लोड, म्हणजे एकाच वेळी सीपीयू मागणाऱ्या प्रोसेसची (चालू प्रोग्रामची) संख्या, 64च्या आसपास होता आणि रात्रीच 'पूर्ण' अशी नोंद झालेल्या दुसऱ्याच एका जॉबच्या 32 प्रोसेस निम्मे सीपीयू खात होत्या.

त्या प्रोसेसच्या पालकाचा क्रमांक पाहिला, तेव्हा प्रत्येकीपुढे 1 हा आकडा होता. म्हणजे त्यांना जन्म देणारी प्रोसेस संपली होती आणि लिनक्सच्या रीतीप्रमाणे त्या पोरक्या प्रोसेस इनिटकडे, म्हणजे क्रमांक 1च्या पहिल्या प्रोसेसकडे, दत्तक गेल्या होत्या. त्या वापरकर्त्याचा प्रोग्राम पार्श्वभूमीत जाण्यासाठी दोनदा फोर्क करत असे, म्हणजे स्वतःची प्रत काढून नवी प्रोसेस जन्माला घालत असे, आणि मध्ये सेटसिड या कॉलने नवे, स्वतंत्र सेशन उघडत असे. त्यामुळे प्रोसेस-ग्रुप, म्हणजे एकत्र हाताळल्या जाणाऱ्या प्रोसेसचा गट, हाही बदलला होता. आमचा शेड्यूलर नेमका या ग्रुपच्या आधारेच जॉबचा माग ठेवत होता, म्हणून जॉब संपताच त्याने ग्रुप साफ केला आणि बाहेर पडलेल्यांची त्याला खबरही नव्हती. वंशावळीवरून शोधण्याचा मार्गही इथे तुटलाच होता. यात त्या वापरकर्त्याचा दोष मी मानत नाही. डीमन (पार्श्वभूमीत चालत राहणारा प्रोग्राम) लिहिण्याची ही जुनी, रूढ पद्धत आहे.

जानेवारी 2008 मधील लिनक्स 2.6.24पासून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, सी-ग्रुप आहेत: प्रोसेसचे असे गट, ज्यांची नोंद कर्नल स्वतः ठेवतो. मूल आपोआप पालकाच्याच सी-ग्रुपात जन्मते, आणि फोर्क किंवा सेटसिड करून तिथून निसटता येत नाही. आम्ही प्रोसेस-ट्रॅकिंग त्यावर नेले, दोनदा फोर्क करणारा एक छोटा प्रोग्राम मुद्दाम जॉब म्हणून चालवला आणि जॉब संपताच त्याच्या सी-ग्रुपची प्रोसेस-यादी रिकामी होताना डोळ्यांनी पाहिली.

काही आठवड्यांनी एक नोड 'ड्रेन' (नवे जॉब न घेण्याच्या) अवस्थेत गेलेला दिसला. नेटवर्कवरील फाइलच्या प्रतीक्षेत 'डी' अवस्थेत, म्हणजे मध्येच थांबवता न येणाऱ्या प्रतीक्षेत, अडकलेली एक प्रोसेस सिगकिल या सक्तीने संपवणाऱ्या सिग्नललाही दाद देत नव्हती. नोड रीबूट करावा लागला, तरी मला मनापासून समाधान वाटले, कारण या वेळी ती प्रोसेस उरली आहे हे शेड्यूलरला ठाऊक होते आणि त्याने त्या नोडवर दुसऱ्या कोणाचाही जॉब पाठवला नव्हता.