चिकनच्या शेजारी काय?

“बीन्समध्ये बेकन आहे हं. आणि कोलार्डच्या पालेभाजीत हॅमचं हाड.”

नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या शेजारीणबाईंनी ग्रिलवरचं बार्बेक्यू चिकन उलटता उलटता आपणहून सांगितलं. सासूबाई शाकाहारी, हे त्यांच्या बरोबर लक्षात होतं.

मग ताटात उरलं काय? भाजलेलं कणीस आणि व्हिनेगरमधला कोबी. तो सासूबाईंनी दोनदा मागून घेतला. खरं तर त्या गोडसर, धुरकट चिकनशेजारी असं आंबट, करकरीत काहीतरीच हवं. मेयोनीजमध्ये बुडवलेला बटाटा मला तरी जड जातो.

“भाजीतसुद्धा मांस घालतात?” घरी येताना सासूबाई पुटपुटल्या.

मी गप्प. माझ्या अलिबागच्या माहेरी वालात सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, पडतातच. नुसते वाल फक्त सोमवारी!

तुमच्याकडे कुठल्या भाजीत काय लपलेलं असतं?