नायट्रोजनचं बिल आणि माझी पीएचडी

सुपरकंडक्टरवर, म्हणजे खूप थंड केल्यावर विद्युतरोध शून्य होणाऱ्या पदार्थावर, पीएचडी करतेय म्हटलं की लोक विचारतात, भट्टी आहे का, स्फटिकरचना तपासायचं एक्सआरडी यंत्र आहे का. ते सगळं होतं. माझं काम अडलं लेखा विभागात.

नेट, फेलोशिप, नोंदणी मराठवाड्यातल्या आमच्या विद्यापीठात वेळेवर झाली. विषय वायबीसीओ, म्हणजे इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचं संयुग. हे १९८७ साली सापडलं. ९२ केल्व्हिनच्या, म्हणजे उणे १८१ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा विद्युतरोध शून्य होतो आणि द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो, म्हणून महागड्या द्रव हेलियमशिवाय आमच्या विभागातही हे काम होतं.

नायट्रोजन आला, वापरला, बिल पाठवलं. फाइल परत. शेरा: "उर्वरित साठा प्रत्यक्ष दाखवावा." अहो, उरलेला हवेत गेला! एका लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, आणि कॅनचं झाकण घट्ट लावता येत नाही, दाब वाढून फुटेल. तसं लिहून दिलं. पुढचा शेरा: डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद का नाही? नोंद कॅनची होते, आतल्या द्रवाची कशी होणार? तेही लिहून दिलं. मग संबंधित रजेवर, मग मार्च एंड, मग फाइल कुठल्या टेबलावर आहे हेच कुणी सांगेना. पुरवठादाराने मागचे पैसे मिळेपर्यंत कॅन भरून द्यायचं बंद केलं. त्यात पावसाळा लागला. वायबीसीओला दमट हवा सोसत नाही, मी पेलेट्स, म्हणजे त्याच्या दाबून केलेल्या चकत्या, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बंद भांड्यात, डेसिकेटरमध्ये, जपत बसले. फेलोशिप मोजून पाच वर्षांची, तिचे महिने असे शेऱ्यांत गेले याची चीड अजून जात नाही.

तोडगा मिळाला सेनगाव तालुक्यात, आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात. कृत्रिम रेतनाच्या स्ट्रॉ, म्हणजे वीर्याच्या बारीक नळ्या, याच द्रवात ठेवतात. डॉक्टरांनी लाकडी पट्टी कॅनमध्ये बुडवली, थोडं थांबून बाहेर काढून हलवली. जिथपर्यंत पांढरा थर धरला तिथपर्यंत द्रव.

"नुसता ठेवला तरी कमी होतो ना, डॉक्टर?"

"होणारच की, ताई. तूट लिहायची अन् सही घ्यायची."

तसंच रजिस्टर केलं: तारीख, पट्टीवरची उंची, वापर, तूट, विभागप्रमुखांची सही. त्याची प्रत जोडली आणि बिल पास झालं. माझ्यानंतरच्या मुलांना आता ते रजिस्टर तयार मिळतं, याचा मला अभिमान आहे.

खरेदीच्या टिपणीतच "वापरून संपणारी वस्तू" असं लिहून घ्या. पुरवठादाराच्या चलनावर भरलेल्या कॅनचं वजन हवंच. पट्टी भरीव घ्या, पोकळ नळीतून द्रव उसळून अंगावर येतो.

रोध मोजताना चार तारा लावा, दोन प्रवाहाला, दोन व्होल्टेजला. दोनच लावल्या तर जोडांचा रोध मधे येतो आणि शून्य कधीच दिसत नाही. पेलेट्स भाजून झाल्या की भट्टीत ऑक्सिजन वाहता ठेवूनच ती सावकाश थंड करा, घाई केली की संक्रमण तापमान, म्हणजे रोध शून्य होण्याचं तापमान, खाली येतं. ७७ केल्व्हिनच्या खालची मोजमापं हवी असतील तर इंदूरच्या यूजीसी-डीएई या संशोधन केंद्राकडे पहिल्याच वर्षी अर्ज टाका.