सगळ्या लिंक उघडत होत्या

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. तिथलं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. यंदा ग्राहकांच्या नोंदी जुन्या सिस्टीममधून नव्यात नेल्या. नावं, पत्ते, ऑर्डरी सिस्टीम देणाऱ्यांनी नेल्या. फाइलींचं विचारलं तर म्हणाले, ते आमच्या कामात येत नाही. टॉवेलच्या धंद्यात फाइल म्हणजेच जीव: जॅकार्डचं (विणतानाच नक्षी उठवणाऱ्या यंत्राचं) डिझाइन, हॉटेलच्या लोगोचं आर्टवर्क, पार्टीनं पास केलेल्या सॅम्पलचा फोटो.

फाइली गूगल ड्राइव्हवर होत्या. तिथं फाइलचं नाव बदला, फोल्डर बदला, लिंक तीच राहते. कॉपी केली की मात्र नवी होते. म्हणून मी कुणाला एकही फाइल कॉपी करू दिली नाही. प्रश्न फक्त जोडणीचा होता. जुन्या सिस्टीममध्ये प्रत्येक ग्राहकाला १५ अक्षरी आयडी, नव्यात वेगळाच. एक्सेलमध्ये जुना आयडी, नवा आयडी, लिंक असे कॉलम केले, व्हीलुकअप (आयडी शोधून त्यापुढची लिंक आणणारं सूत्र) लावला, शीट नव्या सिस्टीमवर चढवली. एकही लिंक तुटली नाही. साहेबांना तसं कळवलं आणि शांत झोपलो.

आठव्या दिवशी डिझाइन खात्यातल्या मामांनी हाक मारली. मामा जॅकार्डच्या नक्षीसाठी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं ठोकायच्या काळापासूनचे. एका हॉटेलची रिपीट ऑर्डर होती, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) लूमवर, म्हणजे मागावर, चढला होता, डिझाइन पेनड्राइव्हवर घेऊन लूमवर न्यायचं तेवढं बाकी.

"हे ह्या पार्टीचं नाही ओ."

"मामा, त्यांच्याच खात्यातली लिंक आहे."

त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवून कमळाच्या पाकळ्या मोजल्या. आठ. "ह्यांच्या कमळाला सहाच असतात."

फाइल दुसऱ्याच हॉटेलची होती. दोघांचे जुने आयडी शेजारी मांडले तेव्हा घाम फुटला. १४ अक्षरं सारखी, शेवटी एकाला मोठा ए, दुसऱ्याला छोटा. जुन्या सिस्टीमला ते दोन वेगळे ग्राहक. व्हीलुकअप लहान-मोठं अक्षर बघत नाही, 'अचूक जुळणी' मागितली तरी नाही. पहिला सापडला की तोच उचलतो. आयडीचं १८ अक्षरी रूपही त्या सिस्टीममध्ये मिळतं; शेवटची तीन अक्षरं नेमकी ह्याचसाठी असतात, कुठलं अक्षर मोठं ते सांगायला. मी ते घ्यायला हवं होतं.

१८ अक्षरांवर पुन्हा जुळवणी केली. ३९ खाती चुकीची निघाली. एका हॉटेलचं आर्टवर्क दुसऱ्याच्या हाती जाणं ही आमच्याकडे साधी चूक नव्हे, पार्टी कायमची तुटते. 'लिंक उघडते का' एवढंच तपासणारा रिपोर्ट मी पास केला होता आणि वरही कुणी त्यापुढचं विचारलं नाही.

ती ३९ मामांना एकेक करून दाखवली. पार्टीचं नाव झाकून मी फक्त डिझाइन उघडायचो, ते नाव सांगायचे. दोन ठिकाणी त्यांचं उत्तर माझ्या नव्या जुळवणीशी जमेना. जुनी सिस्टीम उघडून बघितली: तिथंच कुणीतरी, कधीतरी, फाइल चुकीच्या खात्याला लावलेली होती.

म्हणजे बाकीच्या खात्यांचंही काही सांगता येत नाही. मामा दिवाळीनंतर रिटायर होतात. सध्या रोज जेवण झालं की अर्धा तास ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसतात.