क्षमा झाली, मग अजून ‘पापी’ का म्हणायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: विश्वास ठेवला, बाप्तिस्मा झाला, पापांची क्षमा मिळाली, ‘नवी उत्पत्ती’ झालो असं शास्त्र म्हणतं. मग दर उपासनेत उभं राहून ‘आम्ही पापी आहोत’ असं का म्हणायचं? हा ख्रिस्ताच्या कामाचा अपमान नाही का? आणि उलट बाजूने: ‘मी आता पापी नाही’ म्हणणाऱ्याला आपण गर्विष्ठ का समजतो?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. देवासमोर ‘मी पापी’ म्हणणं मरेपर्यंत सुटत नाही. पण ‘तुम्ही कोण?’ असं कुणी विचारलं तर ते उत्तर नव्हे. कबुली वेगळी आणि ओळख वेगळी. बहुतेक गोंधळ ही दोन एकात मिसळल्यामुळे होतो.

नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं उघडून फक्त मायने वाचा. रोम, करिंथ, इफिस, फिलिप्पै, कुठेही ‘तेथील पापी जनांस’ असा मायना नाही. सगळीकडे ‘पवित्र जन’. यातलं करिंथचं पत्र नीट बघण्यासारखं आहे, कारण तिथली मंडळी पवित्र दिसण्यासारखं काहीच करत नव्हती. पहिल्या तीन अध्यायांत गटबाजी, पाचव्यात बापाच्या बायकोशी राहणारा माणूस, सहाव्यात भावाभावांचे कोर्टकज्जे, अकराव्यात प्रभुभोजनाला एक उपाशी तर दुसरा नशेत. पौल एकेकाची खरडपट्टी काढतो, त्या माणसाला मंडळीबाहेर काढायला सांगतो, पण दुसऱ्या वचनात दिलेलं ‘पवित्र’ हे नाव काही परत घेत नाही. उलट सहाव्या अध्यायात वाईट करणाऱ्यांची यादी देऊन म्हणतो, तुमच्यातले काहीजण असे *होते*. त्याचा सगळा युक्तिवाद त्या भूतकाळावर उभा आहे: तुम्ही आता ते नाही, मग तसं वागता कशाला? रोमकरांस पत्रात (५:८) तो ‘आपण पापी असताना’ ख्रिस्त मेला म्हणतो, तेही मागे पडलेल्या अवस्थेविषयीच.

मग विषय इथेच संपला का? नाही. याकोब (४:८) सरळ मंडळीलाच ‘अहो पाप्यांनो, हात स्वच्छ करा’ म्हणतो. आणि १ तीमथ्य १:१५ तर सगळ्यांना पाठ असतं: पाप्यांमध्ये मुख्य मी आहे. ‘होतो’ नाही, ‘आहे’. यावर एक ठरलेलं प्रवचन असतं: पौल आधी स्वतःला प्रेषितांत कनिष्ठ म्हणाला, मग पवित्र जनांत कनिष्ठ, शेवटी पाप्यांत मुख्य, म्हणजे जितका वाढला तितका नमला. ऐकायला छान आहे, पण मी त्यावर फार भार टाकणार नाही. एक तर त्या पत्रांच्या काळाबद्दल आणि लेखकाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. दुसरं, त्याच परिच्छेदात दोन वचनं आधी तो स्वतःला ‘पूर्वी’ निंदक आणि छळ करणारा म्हणतो, आणि एक वचन पुढे स्वतःला नमुना म्हणतो: माझ्यासारख्यावर दया झाली तर कुणावरही होईल. म्हणजे ‘आहे’मध्ये जुना गुन्हाच डोळ्यांपुढे आहे, रोजच्या पडझडीचा हिशेब नाही. मला त्याहून मोलाचं वाटतं ते १ करिंथ ४:४. माझं मन मला दोष देत नाही, पण म्हणून मी निर्दोष ठरत नाही, असं तिथे पौल म्हणतो. स्वतःबद्दल इतकं मोजून बोलणं आपल्याला क्वचितच जमतं.

रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय (‘जे चांगलं करावंसं वाटतं ते करत नाही’) मी मुद्दाम बाजूला ठेवतो. तिथला ‘मी’ विश्वासणारा आहे की नियमशास्त्राखाली दबलेला माणूस, यावर शतकानुशतकं वाद आहे. खुद्द ऑगस्टीनने, म्हणजे प्राचीन मंडळीच्या थोर शिक्षकाने, आपलं मत बदललं. ज्या परिच्छेदावर त्याचं एकमत स्वतःशीच टिकलं नाही, त्यावर एवढा प्रश्न टांगू नये.

खरी अडचण योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. १:८ म्हणतं, आपल्यात पाप नाही म्हणालात तर स्वतःलाच फसवताय. ३:९ म्हणतं, देवापासून जन्मलेला पाप करत नाही. एकच लेखक, मध्ये दोन पानं. नेहमीचा तोडगा व्याकरणाचा: ३:९ मध्ये चालू काळ आहे, म्हणजे ‘पाप करत राहत नाही’, सवय म्हणून करत नाही. बऱ्याच भाषांतरांनी तो घेतला आहे. पण ५:१६ मध्ये ‘भाऊ पाप करताना’ दिसला तर काय करायचं हे सांगताना तोच चालू काळ येतो, आणि तो भाऊ विश्वासणाराच आहे. म्हणून नुसतं व्याकरण पुरत नाही. योहान दोन आघाड्यांवर लढतोय असं धरलं तर पत्र उलगडतं: एकीकडे ‘आम्हाला पाप लागतच नाही’ म्हणणारे, दुसरीकडे ‘पापाने काय बिघडतं’ म्हणणारे. पहिल्यांना तो खोटं बोलता म्हणतो, दुसऱ्यांना तुम्ही कुणाची मुलं ते बघा म्हणतो.

मंडळीच्या इतिहासात यावर फार बारीक भांडणं झाली आहेत. इ.स. ४१८ च्या कार्थेजच्या धर्मसभेत पेलागियसच्या मतांविरुद्ध ठराव झाले; माणूस स्वतःच्या बळावर पापावाचून जगू शकतो, असं तो शिकवायचा. त्यात एक अगदी नेमका होता: पवित्र माणसं प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची ऋणं सोड’ म्हणतात ते फक्त नम्रतेपोटी, खरं म्हणून नव्हे, असं जो म्हणेल तो बहिष्कृत. म्हणजे नम्रतेचं नाटक नको. खरं असेल तर म्हणा, आणि खरं आहे.

जर्मन धर्मसुधारक लूथरने १५१५-१६ मध्ये रोमकरांस पत्रावर व्याख्यानं देताना रोग्याचा दाखला दिला. वैद्याने खात्रीने बरं करण्याचं वचन दिलंय, रोगी त्यावर विश्वास ठेवून पथ्य पाळतोय. तो आजारी की बरा? प्रत्यक्षात आजारी, वचनाने बरा. विश्वासणारा तसा एकाच वेळी नीतिमान आणि पापी. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेला हे पटलं नाही. १७ जून १५४६ च्या ठरावात तिने म्हटलं की बाप्तिस्म्यानंतर उरते ती पापाकडे ओढणारी वासना. तिला संमती न देणाऱ्याचं ती काही बिघडवू शकत नाही, आणि पौल तिला ‘पाप’ म्हणतो ते ती पापातून येते आणि पापाकडे झुकवते म्हणून, ती खरोखरीचं पाप आहे म्हणून नव्हे. मेथडिस्ट चळवळीच्या वेस्लीने आणखी वेगळी रेघ ओढली: माहीत असलेला नियम जाणूनबुजून मोडणं ते नेमकं पाप. त्या अर्थाने पापावाचून जगणं या जन्मी शक्य आहे असं तो मानायचा, पण अशा माणसालाही ‘आम्हाला क्षमा कर’ ही प्रार्थना लागतेच, हेही त्यानेच लिहून ठेवलंय.

तेव्हा ‘तुम्ही पापी आहात का?’ या प्रश्नावर तिघं भांडताना दिसतात, पण निम्मं भांडण ‘पाप कशाला म्हणायचं’ यावर आहे. आतली ओढ मोजली तर लूथर बरोबर. संमतीच मोजली तर ट्रेंट. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आवग्सबुर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिकांनी नीतिमान ठरवण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तेव्हा जोडपत्रात १ योहान १:८ चाच आधार घेऊन या मुद्द्यावर एकत्र म्हणता येईल तेवढं म्हटलं, आणि दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत हेही मान्य केलं.

आता व्यवहाराकडे येऊ, कारण बिघडतं ते तिथे.

सगळ्यात जास्त आढळणारा दोष म्हणजे घाऊक कबुली. ‘मी फार पापी आहे प्रभू’ म्हणायला काही लागत नाही, आणि त्यात काही सापडतही नाही. काल जेवताना बायकोला चारचौघांत घालूनपाडून बोललो, हे म्हणायला लागतं. कॅथलिक शिस्तीत गंभीर पापाचा प्रकार आणि किती वेळा घडलं ते सांगावं लागतं. लूथरनांचा आवग्सबुर्गचा १५३० चा विश्वासांगीकार सगळी पापं मोजून सांगायची गरज नाही म्हणतो, कारण आपल्या चुका पूर्णपणे कुणाला कळतात, असं स्तोत्र १९ विचारतं. माझ्या मते मधली वाट अशी: जे आठवतंय ते नावानिशी सांगा, जे आठवत नाही त्यासाठी मन उकरत बसू नका.

पद्धत हवी असेल तर जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची पाच पायऱ्यांची झडती अजून चांगली आहे. पहिली पायरी आभार मानण्याची, पापाची नव्हे. हा क्रम बदलू नका, बदलला की सगळी प्रार्थना रडगाणं होते. मग आपली पापं दिसावीत म्हणून कृपा मागायची. मग उठल्यापासून आत्तापर्यंतचा वेळ टप्प्याटप्प्याने तपासायचा, आधी विचार, मग बोलणं, मग कृती. मग क्षमा मागायची. शेवटी उद्या काय बदलायचं ते ठरवून प्रभूची प्रार्थना. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. रोजची झडती अर्धा तास चालू लागली तर काहीतरी चुकतंय.

आणि दुसऱ्याचं नुकसान झालं असेल तर प्रार्थनेवर भागत नाही. गणना ५:७ मध्ये पाप कबूल करणं आणि भरपाई देणं एकाच दमात येतं, मुद्दल अधिक पाचवा हिस्सा. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर चौपट देऊ केलं.

दुसरा दोष जास्त घातक: ‘आपण सगळेच पापी’. हे वाक्य कोण, कुणाला, केव्हा म्हणतं ते बघा. ज्याने पैसा खाल्ला, ज्याने अधिकाराचा गैरफायदा घेतला, त्याच्या बाजूने कुणीतरी ज्याचं नुकसान झालं त्यालाच हे ऐकवतं, आणि दोघे एका पातळीवर येऊन बसतात. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेऊन त्याला मारवलं, आणि संदेष्टा नाथान त्याच्यापुढे उभा राहिला तेव्हा ‘राजा, आपण सगळेच चुकतो’ असं म्हणाला नाही. ‘तो मनुष्य तूच आहेस’ म्हणाला. दावीदाला क्षमा झाली, परिणाम टळले नाहीत. ‘पापी’ हा शब्द कबुलीत प्रथमपुरुषी आणि एकवचनी ठेवावा, असं मी म्हणतो ते यासाठी. उपासनेत सगळे मिळून ‘आम्ही’ म्हणतात ते ठीक, तिथे प्रत्येक जण स्वतःचं घालतो.

तिसरा दोष हळव्या मनांचा. तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करणं, ‘नीट सांगितलं गेलं नाही’ म्हणून परत जाणं, क्षमा मिळाली तरी ती लागू झाली नसेल अशी शंका. इग्नेशियस स्वतः यातून गेला होता, आणि त्याचा नियम उलट्या औषधाचा आहे: निबर मनाने अधिक हळवं व्हावं, अतिहळव्या मनाने मुद्दाम घट्ट व्हावं. म्हणून अशा माणसाला ‘अजून खोल आत्मपरीक्षण कर’ सांगणं म्हणजे आगीत तेल. त्याने एकच कबुलीगुरू किंवा एकच पाळक धरावा, तो म्हणेल ते मानावं आणि कबूल केलेलं पाप पुन्हा न काढण्याचं वचन द्यावं. हे विचार दिवसभर सुटत नसतील, झोप-काम बिघडत असेल तर डॉक्टरांनाही दाखवावं. हा विश्वासाचा कमीपणा नव्हे.

उपासनेच्या क्रमाबद्दलही विचारलं होतंत. धर्मसुधारक कॅल्विनच्या स्ट्रासबुर्गमधल्या क्रमात आधी पापांगीकार, मग क्षमेची घोषणा, आणि *त्यानंतर* दहा आज्ञा गायल्या जात. आज्ञा क्षमा झालेल्यांसाठी, क्षमा मिळवण्यासाठी नव्हेत. तुमच्या मंडळीत पापांगीकार होतो आणि पुढच्या क्षणी थेट गीत सुरू होतं का, ते पाहा. तसं असेल तर लोक दर आठवड्याला आरोप ऐकून निकाल न ऐकता घरी जातात, आणि ‘पापी’ हेच नाव उरतं. पाळकांना सांगून मध्ये १ योहान १:९ (पापं कबूल केली तर देव क्षमा करतो) मोठ्याने वाचायला लावा. अर्धं मिनिट लागतं.